फाइलींचे आदानप्रदान, कूटबद्धीकरण आणि आंतरजालाची तटस्थता

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या या रस्त्याचे जुने नाव कर्झन रोड. आज तो कस्तुरबा गांधी मार्ग म्हणून ओळखला जातो. नवे महाराष्ट्र सदन २०१३ पासून याच मार्गावर उभे असल्याने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी दिल्लीत येणाऱ्या मराठी उमेदवारांना हा रस्ता परका नाही. दूरसंचार विभागाचे संचार भवन येथून जवळच, अशोक रोडवर आहे. देशातील इंटरनेट सेवेचे परवाने आणि त्यांतील अटी तेथे निश्चित होतात. आजचा विषय वरकरणी तांत्रिक आणि काहीसा आडवळणाचा वाटेल : इंटरनेट सेवा पुरवठादार फाइलींच्या आदानप्रदानाचा वेग मुद्दाम कमी करतात, तेव्हा ती वाहतूक कूटबद्ध करून ग्राहकाने सुटका करून घ्यावी काय, आणि तशी सुटका खरोखर होते काय? परंतु या आडवळणाने गेल्यास परवान्यातील एक महत्त्वाचे कलम, नागरिकाची गोपनीयता आणि राज्याचा सुरक्षाविषयक अधिकार या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी भेटतात. सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत संपर्कजाळे आणि सायबर सुरक्षा हे घटक आहेत. त्यांचा अभ्यास व्याख्या पाठ करून होत नाही, तो अशा एखाद्या प्रकरणातूनच होतो.

अरुंद रस्त्यावरचा प्रवास

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. खासगी पुरवठादारांना १९९८ मध्ये दार उघडले. ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले आणि त्यात ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ केबीपीएस वेगाची, सतत चालू असणारी जोडणी अशी करण्यात आली. २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे उद्दिष्ट या धोरणाने ठेवले होते. प्रत्यक्षातील संख्या त्याच्या जवळपास निम्म्यावरच राहिली. व्याख्येतील किमान वेग २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाला.

२५६ केबीपीएस म्हणजे नेमके किती? सातशे एमबीची एक सीडी, समजा लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीची, या वेगाने उतरवून घ्यायला सहा तासांहून अधिक वेळ लागतो, तोही जोडणी मध्येच तुटली नाही तर. म्हणूनच त्या दशकात बीएसएनएलच्या काही घरगुती योजनांमधील रात्री दोन ते सकाळी आठ या मोफत वेळेचे विद्यार्थ्यांना मोठे अप्रूप होते. संगणक रात्रभर चालू ठेवायचा, फाइल लावून झोपायचे आणि सकाळी फलित पाहायचे. ही सवलत म्हणजे वाहतूक व्यवस्थापनाचा एक सरळ मार्ग होता. रस्ता रिकामा असेल तेव्हा या, काय घेऊन येता हे आम्ही विचारणार नाही, असा तिचा अर्थ. पुढील विवेचनात हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

याच काळात बिटटॉरेंट हा प्रोटोकॉल जगभर पसरला. ब्रॅम कोहेन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने तो २००१ मध्ये तयार केला. त्याची कल्पना साधी, परंतु परिणाम दूरगामी होता. एका मध्यवर्ती संगणकावरून हजारो लोकांनी तीच फाइल ओढण्याऐवजी तिचे लहान तुकडे केले जातात. ज्याच्याकडे जो तुकडा पोहोचला तो त्याने इतरांना द्यावयाचा. घेणारा प्रत्येक जण देणाराही होतो. गावात पंगतीला बसलेल्यांनीच आळीपाळीने वाढायला उठावे, तसा हा व्यवहार. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांचे वितरण आणि इंटरनेट आर्काइव्हचे दस्तऐवज या मार्गाने आजही उपलब्ध होतात. चोरीचे चित्रपट आणि गाणीही याच मार्गाने मोठ्या प्रमाणावर फिरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये तो अपराध आहे आणि कूटबद्धीकरणाने अपराधाचे स्वरूप बदलत नाही.

पुरवठादारांची अडचण मात्र प्रताधिकाराची नव्हती. ती गर्दीची होती. घरगुती जोडणीची क्षमता अनेक ग्राहकांत विभागलेली असते. प्रत्येक जण अधूनमधून एखादे पान उघडील, सर्व जण एकाच वेळी रस्त्यावर येणार नाहीत, या गृहीतकावर सारा हिशेब बेतलेला असतो. बिटटॉरेंटने हे गृहीतक मोडले. ग्राहक झोपलेला असतानाही त्याचा संगणक तुकडे वाटत राहू लागला. शिवाय टेलिफोनच्या तारेवरील एडीएसएल जोडणीत घेण्याची वाट रुंद आणि देण्याची वाट अरुंद असते. नेमकी तीच अरुंद वाट तुंबू लागली.

पॅकेटची ओळख आणि ताडपत्री

यावर काही देशांतील पुरवठादारांनी जो उपाय केला, तो समजण्यासाठी रस्त्याचेच उदाहरण घेऊ. दिल्लीच्या मध्यभागात दिवसा अवजड मालमोटारींना मनाई असते. चौकातील वाहतूक पोलिसाला वाहन पाहताच ते कोणत्या प्रकारचे आहे हे कळते. इंटरनेटवरील वाहतूक मात्र पॅकेटच्या रूपात धावते आणि बाहेरून सर्व पॅकेट सारखीच दिसतात. प्रारंभी बिटटॉरेंट ओळखणे सोपे होते, कारण त्याची वाहतूक बहुधा ६८८१ ते ६८८९ या ठरावीक पोर्ट क्रमांकांवरून होई. वापरकर्त्यांनी क्रमांक बदलले. मग पुरवठादारांनी पॅकेट उघडून आत पाहणारी यंत्रे बसवली. या तंत्राला डीप पॅकेट इन्स्पेक्शन म्हणतात. बिटटॉरेंटच्या बाबतीत तर फार खोल पाहण्याचीही गरज नव्हती. दोन संगणकांच्या पहिल्या हस्तांदोलनातच ‘बिटटॉरेंट प्रोटोकॉल’ ही अक्षरे उघड लिहिलेली असत. मालमोटारीने आपल्या मालाची पाटी कपाळावर लावून फिरावे, असाच हा प्रकार होता.

२००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या प्रारंभी अझुरियस, म्युटॉरेंट यांसारख्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी या पाटीवर ताडपत्री टाकली. या पद्धतीचे नाव मेसेज स्ट्रीम एन्क्रिप्शन. तिची रचना अभ्यासण्याजोगी आहे. दोन अनोळखी संगणक प्रथम डिफी-हेलमन पद्धतीने, उघड्या वाटेवर बोलूनही एक सामाईक गुपित तयार करतात. त्यात हव्या असलेल्या फाइलचा ओळखक्रमांक मिसळतात. तो दोघांनाही आधीच ठाऊक असतो, परंतु तारेवरून उघडपणे पाठवला जात नाही. या मिश्रणातून १६० बिटांची किल्ली बनते आणि आरसी४ या पद्धतीने पुढील सर्व मजकूर यादृच्छिक दिसू लागतो. पाहणाऱ्या यंत्राला अर्थहीन अंकांचा प्रवाह दिसतो, पाटी दिसत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण उत्तरपत्रिकांत तो हटकून सुटतो. बँकेचा व्यवहार कूटबद्ध करण्याचा हेतू मजकूर गुप्त राखणे हा असतो. या पद्धतीचा हेतू केवळ प्रोटोकॉलचा प्रकार लपवणे हा होता. आरसी४ ही पद्धत आज सुरक्षित मानली जात नाही; परंतु त्या कामापुरती ती पुरेशी होती. ताडपत्री म्हणजे तिजोरी नव्हे. ज्या गटात फाइल वाटली जाते त्यात कोणीही सामील होऊ शकतो आणि सर्वांचे आयपी पत्ते पाहू शकतो. आपण कूटबद्ध आहोत म्हणजे अदृश्य आहोत, असे समजणारे अनेक जण या एका गोष्टीमुळे फसले.

ताडपत्रीचा उपयोगही मर्यादितच ठरला. झाकलेली मालमोटार वजनावरून, चाकांवरून आणि ताफ्यावरून ओळखता येते. एका घरातून एकाच वेळी शेकडो पत्त्यांशी जोडण्या, दोन्ही दिशांना सतत वाहणारा प्रवाह, पहिल्या काही पॅकेटच्या आकाराची विशिष्ट ठेवण ही लक्षणे मजकूर न वाचताही टिपता येतात. काही पुरवठादारांपुढे तर याहून सोपा मार्ग होता : जे ओळखता येत नाही त्या सर्वांचा वेग कमी करणे. अशा वेळी कूटबद्धीकरण हीच संशयाची खूण ठरते, आणि कार्यालयाशी सुरक्षित मार्गाने जोडलेला निरुपद्रवी ग्राहकही त्यात भरडला जातो.

अमेरिकेतील निर्णय

या शर्यतीला कायदेशीर वळण अमेरिकेत लागले. कॉमकास्ट या केबल कंपनीच्या जाळ्यावर बिटटॉरेंटच्या जोडण्या अकस्मात तुटतात, हे २००७ मध्ये रॉब टोपोल्स्की या तंत्रज्ञाच्या लक्षात आले. जुनी, प्रताधिकारमुक्त गाणी वाटताना त्याला हा अनुभव आला होता. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २००७ मध्ये स्वतंत्र चाचणी घेतली आणि त्यासाठी फाइल निवडली ती बायबलची, म्हणजे प्रताधिकाराचा आक्षेपच उरू नये. कंपनीची यंत्रे दोन्ही बाजूंना बनावट ‘रिसेट’ पॅकेट पाठवून, जणू समोरच्यानेच संवाद संपवला असा भास निर्माण करीत होती. टेलिफोनवर दोघे बोलत असताना तिसऱ्याने आवाज बदलून ‘ठेवतो’ म्हणावे, तसे हे होते. वेग कमी करण्यापेक्षा ही तोतयेगिरी अधिक आक्षेपार्ह ठरली.

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १ ऑगस्ट २००८ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी कंपनीच्या विरोधात निर्णय दिला. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. कंपनीचे वागणे योग्य होते म्हणून नव्हे, तर आयोगाला तसा अधिकार कायद्याने दिला असल्याचे सिद्ध झाले नाही म्हणून. तेव्हापासून अमेरिकेतील नियम सरकार बदलले की बदलत आले. २०१५ मध्ये ते कठोर झाले, २०१७ मध्ये मागे घेतले गेले, २०२४ मध्ये पुन्हा आले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते पुन्हा रद्द केले.

न्यायालयाचा निकाल येण्याआधीच अभियंत्यांनी मात्र मार्ग काढला होता. कॉमकास्टने २००८ च्या अखेरीस प्रोटोकॉल न पाहता, गर्दीच्या वेळी सर्वाधिक क्षमता वापरणाऱ्या ग्राहकाची वाहतूक तात्पुरती मागे ठेवण्याची पद्धत स्वीकारली. दुसरीकडे बिटटॉरेंटने आपले वर्तन सुधारले. रस्त्यावर विलंब वाढू लागला की इतरांना वाट देऊन स्वतः मागे सरणारी नवी वाहतूक पद्धत त्याने आणली. ती डिसेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६८१७ या तांत्रिक दस्तऐवजात नोंदली गेली. या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयुक्त धडा हाच म्हणावा लागेल. लपाछपीने जे साधले नाही, ते दोन्ही बाजूंच्या शिस्तीने बऱ्याच अंशी साधले.

भारतातील प्रश्न वेगळा होता

भारतातही काही पुरवठादार फाइल-विनिमयाचा वेग दाबतात, अशा ग्राहकांच्या तक्रारी त्या वर्षांत होत्या. परंतु येथील सार्वत्रिक अनुभव निराळा होता. तो ‘फेअर यूसेज पॉलिसी’चा. ठरावीक डेटा वापरून झाला की महिनाअखेरपर्यंत वेग घसरवला जाई, आणि जाहिरातीत मात्र ‘अमर्याद’ हा शब्द ठळक असे. या प्रकारावर कूटबद्धीकरणाचा काडीमात्र उपयोग नाही. पुरवठादार येथे पॅकेटमध्ये काय आहे हे पाहतच नाही, तो फक्त पॅकेट मोजतो. आणि झाकलेली मालमोटारही टोलनाक्यावर मोजली जातेच. वेग का कमी झाला हे न जाणता केवळ एन्क्रिप्शनचा पर्याय चालू करणारे असंख्य ग्राहक चुकीच्या रोगावर औषध घेत होते. येथे उपाय नियामकाचाच हवा होता. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै २०१२ मध्ये मर्यादा आणि त्यानंतरचा वेग ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचे निर्देश दिले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये स्थिर ब्रॉडबँडचा वेग मर्यादा ओलांडल्यानंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही असे ठरवले.

भारतीय संदर्भातील दुसरी गोष्ट अधिक विचित्र आहे. त्या काळच्या इंटरनेट सेवा परवान्यातील अटीनुसार व्यक्ती वा संस्थेला पूर्वपरवानगीशिवाय ४० बिटांपर्यंतच्याच किल्लीचे कूटबद्धीकरण वापरता येत असे. त्याहून मोठी किल्ली वापरायची तर लेखी परवानगी घेऊन ती सरकारकडे जमा करावयाची. त्याच वेळी रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांची सुरक्षा सुचवली होती. म्हणजे बँकेची सूचना पाळणारा ग्राहक परवान्याच्या अटीबाहेर जात होता, आणि घरबसल्या एका खुणेच्या चौकटीत टिचकी मारून फाइल-विनिमय कूटबद्ध करणारा विद्यार्थी १६० बिटांची किल्ली वापरत होता. दोघांनाही याची कल्पना नसावी. ४० बिटांची ही मर्यादा पुढील एकीकृत परवान्यात राहिली नाही. मात्र पुरवठादाराने स्वतःच्या जाळ्यात सरसकट कूटबद्धीकरण करू नये, ही अट त्यात आली.

तटस्थतेचा प्रश्न भारतात फाइल-विनिमयातून नव्हे, तर दरांतून पेटला. डिसेंबर २०१४ मध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीने इंटरनेटवरून होणाऱ्या ध्वनिसंभाषणासाठी वेगळा दर जाहीर करून तो काही दिवसांतच मागे घेतला. मार्च २०१५ मध्ये ट्रायने सल्लामसलतपत्र काढले आणि त्यावर दहा लाखांहून अधिक ई-मेल आले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आशयानुसार भेदभाव करणाऱ्या डेटादरांवर बंदी घालणारे विनियम निघाले. त्यांच्या उल्लंघनाबद्दल दररोज ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये, असा दंड ठेवण्यात आला.

हा निर्णय दरांपुरता होता. वेगाचा प्रश्न २८ नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींनी हाताळला. दूरसंचार आयोगाने त्या जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या आणि ३१ जुलै २०१८ रोजी दूरसंचार विभागाने परवान्यांत तशी दुरुस्ती करण्याचे पाऊल उचलले. त्यातील शब्दयोजना विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावी. आशय अडवणे, त्याचा दर्जा खालावणे, तो मंदावणे किंवा त्याला प्राधान्याचा वेग देणे यांना भेदभाव म्हटले आहे. आणि हा भेदभाव पाठवणारा, घेणारा, वापरकर्त्याचे उपकरण किंवा जाळ्यावरील प्रोटोकॉल यांपैकी कशाच्याही आधारे करता येणार नाही. ‘प्रोटोकॉल’ हा एक शब्द तेथे आल्याने, २००६ साली ताडपत्रीखाली लपू पाहणाऱ्या वाहतुकीला परवान्याचे थेट संरक्षण मिळाले. बेकायदेशीर आशयाला हे संरक्षण नाही. न्यायालयीन आणि शासकीय आदेश, आणीबाणीच्या सेवा, दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवा यांना अपवाद ठेवले आहेत.

एक अपवाद सर्वांत लवचीक आहे, तो वाजवी वाहतूक व्यवस्थापनाचा. असे व्यवस्थापन प्रमाणशीर, तात्पुरते आणि पारदर्शक असावे, अशी अट आहे. परंतु गर्दी किती वेळ टिकली म्हणजे ती तात्पुरती म्हणावी? रोज संध्याकाळी चार तास होणारी गर्दी तात्पुरती की कायमची? या पद्धतींवर देखरेख ठेवण्यासाठी सेवा पुरवठादार, आशयनिर्माते, संशोधक आणि ग्राहक यांची बहुपक्षीय संस्था असावी, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये केली. नियम जितका चांगला, तितकी त्याची मोजणी अवघड, असे या बाबतीत म्हणावे लागते.

झाकण्याचा अधिकार कोणाचा?

दरम्यान चित्रच पालटले आहे. संकेतस्थळांची बहुतांश वाहतूक आता कूटबद्ध असते. पूर्वी झाकलेली मालमोटार वेगळी उठून दिसे. आता रस्त्यावरील सायकलीही झाकलेल्या आहेत. त्यामुळे वाद वेगाकडून खुद्द झाकण्याच्या अधिकाराकडे सरकला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६९ सरकारला माहिती उलगडून मागण्याचा अधिकार देते आणि कलम ८४-अ कूटबद्धीकरणाच्या पद्धती विहित करण्याचा. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय कूटबद्धीकरण धोरणाचा मसुदा निघाला. नागरिकांनी आपल्या संदेशांची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी, अशी तरतूद त्यात होती. टीका होताच तो मागे घेण्यात आला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयतेला मूलभूत हक्क मानले. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन सेवादात्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे जपण्याचे निर्देश दिले. त्यानंतर काही विदेशी सेवादात्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने दूरसंचारातील कूटबद्धीकरणाची मानके ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. दहशतवादाचा तपास करणाऱ्या यंत्रणेची अडचण खरी आहे. परंतु एकाची पाटी वाचण्यासाठी सर्वांच्या ताडपत्र्या काढायला लावणे हा उपाय प्रमाणशीरतेच्या कसोटीवर टिकणे कठीण आहे.

मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी बसून व्याख्यानांच्या चित्रफिती उतरवून घेणाऱ्या उमेदवाराच्या दृष्टीने प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. वेग मंदावला, तर तो योजनेची मर्यादा संपल्याने, गर्दीमुळे की भेदभावामुळे? ओळखण्याची एक रीत आहे. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘ग्लासनॉस्ट’ हे चाचणी-साधन तयार केले होते. ते एकाच जोडणीवरून दोन प्रवाह पाठवी : एक हुबेहूब बिटटॉरेंटसारखा, दुसरा तेवढाच, परंतु अर्थहीन अंकांचा. दोन्ही मंद असले तर कारण गर्दी वा मर्यादा. पहिलाच मंद असला तर कोणीतरी पाटी वाचत आहे. ते साधन आता बंद आहे, पण हे तत्त्व कोणत्याही चाचणीला लागू पडते. अशी नोंद, तारीख आणि वेळेसह, हाती असल्यास पुरवठादाराच्या तक्रार केंद्राकडे आणि तेथे समाधान न झाल्यास त्याच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. परंतु दूरसंचार सेवेबाबतची तक्रार ग्राहक मंचापुढे नेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.